चौकात उभे राहून मागण्याचा हक्क

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर शहराच्या नगर परिषदेने २०१३ मध्ये दोन उपविधी मंजूर केले. पहिल्याचा रोख ‘आक्रमक याचने’वर होता. बँक, एटीएम, बसथांबा किंवा फूटपाथवर मांडलेली कॅफेची टेबले यांपासून वीस फुटांच्या आत पैसे मागणे आक्रमक ठरले. अंधार पडल्यावर मागणेही आक्रमक ठरले. मागणारा दरडावतो आहे की हळू आवाजात विनवतो आहे, याने फरक पडत नव्हता. दुसऱ्या उपविधीने रस्त्याच्या दुभाजकांवर आणि वाहतूक बेटांवर उभे राहायला मनाई केली. या नियमांविरुद्ध जे कोर्टात गेले त्यांत पुठ्ठ्यावर मदतीची विनंती लिहून उभी राहणारी बेघर माणसे होती, तशीच शहराच्या शाळा समितीची निवडून आलेली एक सदस्यही होती. निवडणूक आली की तीही त्याच बेटांवर प्रचाराचा फलक घेऊन उभी राहत असे.

वुस्टरचे नाव या विषयाच्या इतिहासात त्याआधीही एकदा आले आहे. राज्याच्या बेकारी विम्याच्या कारभाराविरुद्धच्या निषेध सभेची पत्रके रस्त्यावर वाटली म्हणून तिथे खटले झाले होते. लॉस एंजेलिस, मिलवॉकी आणि न्यू जर्सीतील इर्विंग्टन इथल्या अशाच खटल्यांसोबत ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३९ मध्ये एकत्र ऐकले. पत्रकांचा कचरा होतो, हे शहरांचे मुख्य म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की कचरा टाकणाऱ्याला शिक्षा करण्याची वाट शहराला मोकळी आहे. त्या कारणाने पत्रक वाटणाऱ्याला अडवता येणार नाही.

या दोन घटनांमध्ये पाऊण शतकाचे अंतर आहे, पण वाद एकच आहे. मागण्यासोबत येणारा त्रास थांबवायचा की मागणेच थांबवायचे? या पुस्तकाचा सगळा विषय या प्रश्नाभोवती फिरतो.

रस्त्यावर मागणारा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिकारीच येतो. प्रत्यक्षात रस्ता हे फार गजबजलेले मागणीचे ठिकाण आहे. रोजगाराच्या आशेने पहाटे नाक्यावर उभे राहणारे मजूर मागत असतात. धर्मप्रचारक, सह्या गोळा करणारे कार्यकर्ते, पक्षाचे उमेदवार, वर्तमानपत्रे विकणारी मुले, देणगीच्या पेट्या घेऊन फिरणाऱ्या संस्था हे सगळे येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून काहीतरी मागतात. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून अग्निशमन दलाचे जवान स्नायूंच्या आजाराने ग्रासलेल्यांसाठी चौकाचौकात निधी गोळा करत आले आहेत. पायातला रबरी बूट हातात धरून ते गाड्यांच्या रांगेतून फिरतात आणि चालक खिडकीची काच खाली करून त्यात नोटा टाकतात. त्याच दुभाजकावर दुसऱ्या दिवशी बेघर माणूस कागदी पेला घेऊन उभा राहिला, तर धोका वाढतो का? गाड्या त्याच, रस्ता तोच, सिग्नलचे सेकंदही तेवढेच. म्हणून नियम कोणासाठी लिहिला आहे, हे पाहण्याला या क्षेत्रात इतके महत्त्व आहे.

आधी इतिहास. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकी शहरे रस्त्यांकडे स्वतःची मालमत्ता म्हणून पाहत होती आणि न्यायालयेही त्यांना फारशी अडवत नव्हती. हे चित्र पालटले ते प्रामुख्याने यहोवाच्या साक्षीदारांमुळे. दारोदार आणि रस्तोरस्ती पुस्तिका देणारा हा लहानसा ख्रिस्ती पंथ शेजाऱ्यांना नकोसा होता. जॉर्जियातील ग्रिफिन गावात कोणतेही छापील साहित्य वाटायला नगर व्यवस्थापकाची लेखी परवानगी लागत असे. पंथाच्या अल्मा लव्हेल यांनी ती मागितलीच नाही. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उपविधी रद्द केला. पुढच्या वर्षी, जर्सी सिटीच्या महापौरांनी कामगार संघटनांच्या सभा दडपल्याच्या खटल्यात, न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी रस्ते आणि बागा या पूर्वापार लोकांच्या विचारविनिमयासाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेल्या जागा आहेत, अशी मांडणी केली. १९४० मध्ये कनेक्टिकटमधील कँटवेल खटल्यात धार्मिक कारणासाठी निधी मागण्याआधी सरकारी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र घेण्याची अट उडाली. पुस्तिका विकायला रोजचे परवाना शुल्क भरा, हा पेनसिल्व्हेनियातील एका गावाचा नियम १९४३ मध्ये पडला.

मात्र न्यायालयाने मध्येच एक दार लावूनही घेतले होते. न्यूयॉर्कमध्ये एक जण जुनी पाणबुडी पैसे घेऊन लोकांना दाखवत असे. तिच्या जाहिरातीची पत्रके वाटायला मनाई झाल्यावर त्याने पत्रकाच्या मागच्या बाजूला शहराविरुद्धचा निषेध छापला. १९४२ मध्ये न्यायालयाने त्याला दाद दिली नाही. निव्वळ व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्तीचे संरक्षण नाही, असे ठरले. ही भूमिका १९७६ मध्ये बदलली. तोपर्यंत पैशाचा उल्लेख आला की बोलण्याची किंमत घटते, हा समज खोल रुजला होता.

त्या समजाला मोठा धक्का १९८० मध्ये बसला. शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावाने असा नियम केला होता की जमवलेल्या पैशातले ७५ टक्के थेट धर्मादाय कामावर खर्च करणाऱ्या संस्थांनीच देणगी मागावी. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. देणगी मागताना माणूस माहिती देतो, मत मांडतो, समोरच्याला पटवतो. या गोष्टी मागण्यापासून सोलून वेगळ्या काढता येत नाहीत, हे त्यामागचे कारण. इथून पुढे मागणे हे बोलणेच आहे हे तत्त्व पक्के झाले, निदान संस्थांपुरते. याच काळात इस्कॉनचे भक्त या विषयाच्या केंद्रस्थानी आले. भक्तिवेदान्त स्वामींनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे साधक जत्रांमध्ये आणि विमानतळांवर पुस्तके देऊन देणगी मागत. मिनेसोटाच्या राज्य जत्रेत ठरलेल्या स्टॉलवरूनच मागा, ही अट १९८१ मध्ये टिकली. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळांवर पैसे मागण्याची बंदीही टिकली, पण साहित्य वाटण्याची बंदी टिकली नाही.

स्वतःसाठी, आजच्या जेवणासाठी मागणाऱ्याचे काय? या प्रश्नाला न्यायालये शेवटी आणि अडखळत पोहोचली, हे इथे नोंदवलेच पाहिजे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील भीकबंदी १९९० मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने मान्य केली. भीक मागणे ही मुख्यतः कृती आहे, तिच्यात विचार फारसा नाही, असे त्याचे मत पडले. तीनच वर्षांनी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने रस्त्यांवरची राज्यव्यापी भीकबंदी रद्द केली. भुकेला माणूस हात पुढे करतो तेव्हा तो समाजव्यवस्थेबद्दलही काही सांगत असतो, हे या निकालाने मान्य केले.

त्यानंतर खटल्यांची लाट आली. कॅलिफोर्नियातील रेडोंडो बीच शहराने गाडीतल्या माणसाकडे रस्त्यावरून काम, धंदा किंवा देणगी मागण्यावर बंदी घातली होती आणि २००४ मध्ये त्या नियमाखाली नाक्यावरच्या मजुरांची धरपकड केली. २०११ मध्ये अपील न्यायालयाच्या विस्तारित पीठाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. नियमाचे शब्द इतके सैल होते की फूटपाथवर सरबत विकणारी मुलेही त्यात सापडली असती. रस्ता अडवणे, गाड्यांच्या वाटेत उतरणे यांविरुद्ध कायदे आधीपासून होते, ते वापरायला शहराला कोणी रोखले नव्हते.

२०१५ मध्ये या क्षेत्राची चौकटच बदलली. ॲरिझोनातील गिल्बर्ट गावातल्या एका छोट्या चर्चला स्वतःची इमारत नव्हती. रविवारची प्रार्थना कुठे आहे हे सांगणारे तात्पुरते फलक ते रस्त्याकडेला लावत. गावाच्या नियमात राजकीय फलकांना मोठा आकार आणि जास्त दिवस होते. दिशा दाखवणाऱ्या फलकांना मोजून सहा चौरस फूट, कार्यक्रमाआधी बारा तास आणि नंतर एक तास. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गावाविरुद्ध निकाल दिला. बहुमताच्या निकालपत्राने एक कडक कसोटी घालून दिली. नियम लागू होतो की नाही हे ठरवायला मजकूर वाचावा लागत असेल, तर तो मजकुरावर आधारलेला नियम आहे आणि सरकारने त्याचे समर्थन अत्यंत ठोस कारणाने करावे.

भीकबंदीच्या नियमांना ही कसोटी थेट लागली. इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्ड इथला नियम पाहा. शहराच्या जुन्या मध्यवस्तीत तोंडी, ताबडतोब पैसे मागायला मनाई होती. फलक धरून मागणे चालत असे. नंतर पैसे पाठवा असे तोंडी सांगणेही चालत असे. म्हणजे ‘आता द्या’ हा गुन्हा आणि ‘नंतर द्या’ हे स्वातंत्र्य. अपील न्यायालयाने २०१४ मध्ये हा नियम वैध ठरवला होता. गिल्बर्टचा निकाल आल्यावर काही आठवड्यांत त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवला. वुस्टरचे तसेच झाले. अपील न्यायालयाने आधी शहराच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवला आणि २०१५ संपण्याआधी जिल्हा न्यायालयाने दोन्ही उपविधींवर पाणी सोडायला शहराला भाग पाडले.

यानंतर शहरांनी वाट बदलली. भीक हा शब्द गाळून दुभाजकाची रुंदी, वेगमर्यादा आणि पादचारी सुरक्षा यांच्या भाषेत नियम लिहिले जाऊ लागले. हे सगळे नियम बनावट आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. युटातील सँडी शहराने ३६ इंचांहून अरुंद किंवा कच्च्या दुभाजकांवर उभे राहायला मनाई केली आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने ती मान्य केली; एवढ्या जागेवर उभ्या माणसाला खरोखरच धोका आहे. उलट व्हर्जिनियातील हेनरायको काउंटीने सर्वच दुभाजकांवरून मागण्यास आणि पत्रके वाटण्यास बंदी घातली तेव्हा २०१५ मध्ये अपील न्यायालयाने पुरावा मागितला. कोणत्या चौकात धोका आहे? सौम्य उपाय आधी करून पाहिले का? असा पुरावा मागण्याचा आधार आदल्या वर्षीच्या निकालातून आला होता. गर्भपात केंद्रांभोवतीचा ३५ फुटांचा मज्जाव पट्टा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हीच अपेक्षा सरकारकडून केली होती. २०२२ मध्ये ऑस्टिन शहराच्या जाहिरात फलकांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने गिल्बर्टची कसोटी काहीशी सैल केली. त्यामुळे हा वाद मिटलेला नाही.

या सगळ्यातून विचारांचे काही प्रवाह स्पष्ट दिसतात. एक प्रवाह जागेपासून सुरुवात करतो: रस्ता, बाग, विमानतळ, टपाल कार्यालयाचे आवार यांचे स्वरूप वेगळे, म्हणून हक्कही कमी-जास्त. दुसरा मजकुराकडे पाहतो. सरकारने बोलण्याचा विषय पाहून भेद केला की तो सावध होतो. तिसरा सुव्यवस्थेचा आहे. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ मध्ये मांडलेली फुटक्या खिडक्यांची उपपत्ती त्याचा पाया. लहान बेशिस्त सहन केली की मोठी गुन्हेगारी येते, हा तिचा आशय. येल विद्यापीठाचे रॉबर्ट एलिक्सन यांनी १९९६ मध्ये त्यापुढे जाऊन शहराचे विभाग पाडावेत आणि वर्तनाचे निकष विभागागणिक वेगळे असावेत, असे सुचवले. याच्या समोर जेरेमी वॉल्ड्रन यांचा १९९१ चा युक्तिवाद उभा आहे. ज्याच्याकडे खासगी जागा नाही त्याला सार्वजनिक जागेत जे करायला बंदी, ते त्याला कुठेच करता येत नाही. प्रस्तुत लेखकाला वॉल्ड्रन यांचे म्हणणे या चर्चेतले सर्वांत निरुत्तर करणारे वाटते. सुव्यवस्थावाद्यांची एक गोष्ट मात्र खरी आहे: रात्री एटीएममधून पैसे काढणाऱ्या एकट्या बाईच्या भीतीला किंमत आहे. अडवणे, पाठलाग करणे, अंगाला हात लावणे, धमकावणे यांना शिक्षा असलीच पाहिजे. ती शिक्षा मागणाऱ्याला मागण्याबद्दल होऊ नये, एवढेच.

अमेरिकेबाहेरही हा धागा सापडतो. आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एकोणिसाव्या शतकातील भीकबंदीचे कलम अभिव्यक्तीच्या आधारे रद्द केले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये जिनिव्हात भीक मागणाऱ्या एका रोमा स्त्रीला झालेला दंड आणि कैद चुकीची ठरवली, पण खासगी जीवनाच्या हक्काचा आणि मानवी प्रतिष्ठेचा आधार घेऊन. अभिव्यक्तीच्या प्रश्नात ते शिरले नाही.

मराठी वाचकाला हा विषय जवळचा का वाटावा, याचे उत्तर एका कायद्यात आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९. दिल्लीसह देशाच्या अनेक भागांत जो नमुना गेला तो आपल्या राज्यातून गेला. त्यातली भीक मागण्याची व्याख्या सावकाश वाचावी. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करून भिक्षा मागणे त्यात येते. जखम किंवा व्यंग दाखवणे येते. शिवाय उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना, भिक्षेवर जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत भटकणारा माणूसही येतो. त्याने तोंड उघडलेले नसले तरी. पोलिसांना वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, पुढे दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात डांबण्याची तरतूद आहे. अमेरिकी उपविधींमध्ये निदान कृती सांगितलेली असते. इथे माणसाची अवस्थाच गुन्हा ठरते.

वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाले, बहुरूपी, डवरी गोसावी या साऱ्या परंपरा त्या व्याख्येच्या जाळ्यात सहज अडकतात. त्याच व्याख्येच्या शेवटी एक सूट आहे: कायद्याने किंवा अधिकाऱ्याने अधिकृत केलेल्या कारणासाठी पैसे गोळा करणे म्हणजे भीक नव्हे. गणेशोत्सव मंडळ धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेऊन, पावतीपुस्तक हातात धरून चौकात उभे राहते ते या बाजूला पडते. पहाटे टाळ-चिपळ्या वाजवत येणारा वासुदेव पलीकडे पडतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्या हत्याकांडाला हा कायदा जबाबदार नव्हता. पण मागत फिरणाऱ्या अनोळखी माणसाकडे संशयाने पाहायला आपण सहा दशके कायद्यानेही शिकत आलो आहोत, हे विसरता येत नाही.

पाचच आठवड्यांनी, ८ ऑगस्ट २०१८ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाच्या गीता मित्तल आणि सी. हरी शंकर यांच्या पीठाने हर्ष मंदर यांच्या याचिकेवर या कायद्याची बहुतेक कलमे दिल्लीपुरती रद्द केली. त्याआधी २००६ मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती बदर दुर्रेझ अहमद यांनी एक मूलभूत प्रश्न विचारून ठेवला होता: उपाशी माणसाला आपण उपाशी आहोत हे दुसऱ्याला सांगण्याचा हक्क नाही का? त्याला सविस्तर उत्तर २०१९ मध्ये मिळाले, जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयात. तिथे मुख्य न्यायाधीश झालेल्या गीता मित्तल यांच्याच पीठाने तिथला १९६० चा कायदा रद्द केला आणि त्यासाठी अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तीच्या हक्काचाही आधार घेतला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यांवरून भिकाऱ्यांना हटवण्याची मागणी करणाऱ्या याचिकेवर आपण अभिजनांच्या नजरेने पाहणार नाही, असे स्पष्ट केले.

तरीही स्थानिक पातळीवरचा ओघ उलट दिशेला आहे. मार्च २०२३ मध्ये नागपुरात पोलिस आयुक्तांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली चौकांमधील भीक मागण्यावर बंदी घातली. इंदूरमध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने १ जानेवारी २०२५ पासून भीक देणारासुद्धा गुन्हेगार ठरला. असे आदेश थोड्या मुदतीचे असतात, विधिमंडळात त्यांवर चर्चा होत नाही, आणि कोणी कोर्टात जाईपर्यंत मुदत संपून जाते. घटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची जी कारणे दिली आहेत त्यांत वाहतुकीची सोय किंवा शहराची शोभा नाही. सार्वजनिक सुव्यवस्था आहे, पण सिग्नलला गजरा पुढे करणाऱ्या मुलीमुळे ती मोडते हे सिद्ध करण्याचे ओझे प्रशासनावर असायला हवे. लहान मुलांना मागायला लावणारे सूत्रधार असतील तर त्यांच्यासाठी वेगळे, कडक कायदे आहेत. त्यांचा बडगा मुलांवर उगारू नये.

प्रस्तुत पुस्तक या वळणावर मराठीत येत आहे. आपल्याकडे भीक हा विषय समाजकार्याच्या, पुनर्वसनाच्या किंवा दयेच्या अंगाने लिहिला गेला. फेरीवाल्यांचा प्रश्न उपजीविकेच्या हक्काखाली गेला आणि त्यातून २०१४ चा पथविक्रेता कायदा आला. मागणाऱ्याकडे बोलणारा नागरिक म्हणून पाहण्याचा प्रयत्न मराठीत क्वचितच झाला. या पुस्तकाने तो केला आहे. अमेरिकी निकाल इथे आदर्श म्हणून मांडलेले नाहीत. तिथल्या न्यायालयांनी चर्चला आणि संस्थांना जे पटकन दिले ते बेघराला द्यायला किती वेळ लावला, हेही त्यात दिसते. त्यांतून आपल्या कामाची आहेत ती विचारण्याची शिस्त आणि पुराव्याचा आग्रह. वकिलांबरोबरच नगरसेवक, पोलिस अधिकारी, पत्रकार आणि भटक्या-विमुक्तांमध्ये काम करणारे कार्यकर्ते यांना समोर ठेवून हे लेखन झाले आहे, आणि कायद्याची परिभाषा शक्य तिथे साधी केली आहे. पुनर्वसनाच्या योजना कशा असाव्यात, हा मोठा प्रश्न त्याने हाती घेतलेला नाही. त्याला स्वतंत्र पुस्तकच लागेल.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या शहरात सिग्नलवरच्या मागणाऱ्यांविरुद्ध पुढचा आदेश निघेल तेव्हा बातमीवर थांबू नका, आदेशाची प्रत मिळवा. कोणत्या चौकात किती अपघात झाले ते माहितीच्या अधिकारात विचारा. तोच नियम वर्गणी मागणाऱ्या मंडळाला आणि मते मागणाऱ्या उमेदवाराला लागू आहे का, ते तपासा. आणि नसेल, तर त्या आदेशाची मुदत संपण्याआधी लेखी हरकत नोंदवा.